रि: अलास्का क्रूझ १३ जून: व्हिक्टोरियाचं काय करायचं?? (डिपॉझिट शुक्रवारपर्यंत)

मंदार

मंडळी, आपल्या मंडळाच्या अलास्का सहलीसाठी राखून ठेवलेल्या अकरा केबिनचं होल्ड शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटतंय, त्यानंतर ग्रुप रेट मिळणार नाही. आज एजंटबाईंचा फोन होता. त्यांनी सरळच विचारलं की यादीतल्या सात जणांचा पासपोर्ट भारताचा आहे आणि ग्रीन कार्ड नाही, तर त्यांचा कॅनडाचा व्हिसा कुठाय? मी म्हटलं अहो आम्ही सिॲटलहून निघून सिॲटललाच येणार, मधे केचिकन, जुनो, स्कॅगवे, सगळी अमेरिकाच की. तर म्हणे परतीच्या शेवटच्या रात्री व्हिक्टोरिया आहे, आठ ते बारा. झालं. चार तासांसाठी कॅनडा.

ज्यांचे आईबाबा येतायत त्यांनी आजच कळवा: आहे, नाही, की अर्ज केलाय. "बघतो" हे उत्तर नकोय, क्रेटर लेकच्या सहलीच्या वेळी त्या "बघतो"ने काय झालं ते सगळ्यांना माहितेय.

निखिल

आमच्याकडे नाहीये. दोघांचाही अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे, कॅनडाचा नाही. पण मंदार, ते उतरणारच नाहीत रे, बाबा आठला जेवून साडेआठला आडवे होतात. बोटीवरच झोपले असतील तर कॅनडात गेले असं कसं म्हणणार?

अनघा

निखिल, असा युक्तिवाद मागच्या वर्षी माझ्या नणंदेने सिॲटलच्या पिअर ९१ या क्रूझच्या धक्क्यावर उभं राहून केला होता, सासूबाई शेजारी बॅगेवर बसलेल्या. चढतानाच कागद बघतात, उतरणार की नाही हे कोणी विचारत नाही. व्हिसा नाही तर बोट नाही, आणि पैसेही परत नाहीत. त्या दोघी शेवटी तीन दिवस आमच्याकडे राहून आंबोळ्या खाऊन गेल्या.

नीट लिहिते म्हणजे परत परत फोन नकोत. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत, नुसतं कार्ड आणू नका. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना प्रश्नच नाही. बाकी भारतीय पासपोर्ट असला की व्हिजिटर व्हिसा हवाच, त्यात एच-वनवाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेले, पण आले, म्हणजे निखिल तू आणि प्रिया सुद्धा. अर्ज ऑनलाइन, १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५. ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात, त्यामुळे कोणी आधी टोरांटोला जाऊन आलं असेल तर जुनं पत्र शोधा. ठसे इथेच देता येतात, इमिग्रेशनच्या सपोर्ट सेंटरमध्ये, त्यासाठी भारतात जायला नको. व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट स्टिकरसाठी पाठवावा लागतो, तेवढा वेळ धरा.

आणि "कॅनडात जाऊन आलं की आईबाबांना अमेरिकेत राहायला परत सहा महिने मिळतात" ही चुकीची समजूत आहे, कृपया कोणी कोणाला सांगू नका.

निखिल

मला पण?? माझा पासपोर्टवरचा एच-वनचा स्टॅम्प, म्हणजे व्हिसा, तर कधीच संपलाय, मी परत कसा येणार?

अनघा

आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्याची नोंद) चालू असेल आणि कॅनडात तीस दिवसांपेक्षा कमी राहिलास तर जुन्या स्टॅम्पवर परत येता येतं, फक्त तिकडे नव्या स्टॅम्पचा अर्ज करायचा नाही. आय-९४ची प्रिंट आणि आय-७९७, म्हणजे एच-वनच्या मंजुरीचं पत्र, जवळ ठेव. कंपनीच्या वकिलाला एकदा विचार, माझ्या भरवशावर जाऊ नकोस.

केदार

एजंटला सांगा ना व्हिक्टोरिया काढून टाका म्हणून. आपण बावीस जण आहोत, ग्रुप आहे, तेवढं करतील. रात्री आठला तिकडे बघणार काय आहे तसंही, बाग?

विद्याधर काका

केदार, बावीस जणांसाठी अमेरिकेचा कायदा बदलत नसतात.

१८८६चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस ॲक्ट आहे. परदेशात नोंदलेलं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन अमेरिकेच्याच बंदरात सोडू शकत नाही, मधे परदेशी बंदर लागलंच पाहिजे. सिॲटलहून सुटणारी मोठी क्रूझ जहाजं बघाल तर बहामा, पनामा, नेदरलँड्स अशी कुठली तरी नोंदणी. म्हणून व्हिक्टोरिया, म्हणून रात्री आठला. कायद्याचं पोट भरायचं असतं, तुम्हाला बाग दाखवायची नसते. २०२१मध्ये कोविडमुळे कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली, नाहीतर सगळा सीझन बुडाला असता. म्हणजे बघा, चार तासांच्या थांब्याची किंमत काँग्रेसने ठरवली.

पण मला वेगळंच म्हणायचंय. मंदारने निवडलेलं जहाज ग्लेशियर बेमध्ये जात नाही. इटिनररीत "एंडिकॉट आर्म" ही दुसरीच खाडी लिहिलीय. हे कोणी वाचलं का? ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला मोठी दोनच जहाजं सोडतात, परमिट ठराविक कंपन्यांकडे आहेत. पार्कचे रेंजर जहाजावर चढून दिवसभर माहिती सांगतात. १७९४ला ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं तिथे आली तेव्हा ही खाडी जवळपास नव्हतीच, समोर बर्फाची भिंत होती. १८७९ला निसर्गलेखक जॉन म्यूर होडीतून आत शिरला तोवर बर्फ कितीतरी मैल मागे गेलेला. आज मार्जरी ग्लेशियरपर्यंत जायला तोंडापासून शंभर किलोमीटर आत जावं लागतं. अडीचशे वर्षांच्या आत! एवढं बघायला मिळत असताना आपण एंडिकॉट आर्म?

मंदार

काका, ग्लेशियर बेवाल्या जहाजाचा रेट पण बघा ना. ग्रुपमध्ये सहा मुलं आहेत. आणि एंडिकॉट आर्ममध्ये डॉज ग्लेशियर आहे, तोही समुद्रात येऊन तुटतो, दोन्ही बाजूला हजार हजार फुटांचे कडे आणि धबधबे. मूळ इटिनररी ट्रेसी आर्मची होती, पण तिथे २०२५च्या ऑगस्टमध्ये साउथ सॉयर ग्लेशियरजवळ डोंगर खचून मोठी लाट उसळली, म्हणून यंदा कंपन्यांनी एंडिकॉटकडे वळवलंय. मी मुद्दाम कमी दाखवतोय असं नाहीये.

आणि मुद्दा व्हिक्टोरियाचा चाललाय.

शुभदाताई

मी इतके दिवस गप्प होते कारण या वर्षी सहलीचं काम नव्या समितीकडे दिलंय. पण आम्ही करत होतो तेव्हा आधी कागदपत्रं, मग होल्ड, हा क्रम होता. एवढंच म्हणते.

दुसरं, १३ जून म्हणजे अधिक ज्येष्ठ आहे, १५ जूनपर्यंत. त्यात ज्यांचे जावई इकडे आहेत आणि सासूसासरे यायचेत त्यांनी वाणाचं काय करायचं ठरवलंय? बोटीवर ३३ अनारसे कोण तळणार?

मेधा

शुभदाताई, आमच्याकडे जावयाला अनारश्यांऐवजी क्रूझच देतोय :) ३३ केबिन नाही जमल्या, एकच!

अनारसे शनिवारी सकाळी नेऊ ना आपण घरून, चालतात का?

सायली

घरी केलेलं खायचं बोटीवर नेऊ देत नाहीत बहुतेक. दुकानातलं सीलबंद चालतं. म्हणजे चिवडा, बाकरवडी, मेतकूट पाकिटातलं चालेल, दशम्या आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी राम राम. राइस कुकर आणि केटल तर अजिबात नेऊ नका, तापणारी वस्तू सिक्युरिटीला स्कॅनरमध्ये दिसली की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आमच्या आधीच्या क्रूझला एका काकूंचा छोटा कुकर असा जमा झाला. शेवटच्या दिवशी परत घ्यायला गेल्या तर तिथे टेबलावर ओळीने पंचवीसेक कुकर आणि केटल मांडलेल्या, आपलेच लोक रांगेत, आणि काकूंचं झाकण कोणीतरी दुसरीने नेलं.

शाकाहारी, जैन, बिनकांद्याचं सगळं आधी कळवलं तर करतात. फक्त नाश्त्याला पोहे मागू नका.

मेधा

सायली, झाकण मिळालं का शेवटी?

प्रसाद

मी पहिल्यापासून म्हणतोय, क्रूझच नको. तीन हजार माणसं, बफेत रांग, आणि ग्लेशियर दहाव्या मजल्यावरून. सरळ अँकरेजला विमानाने जा, गाड्या घ्या, कॅनडाचा काही संबंधच नाही. व्हिटियरहून प्रिन्स विल्यम साउंडमध्ये दिवसाच्या बोटी जातात, एवढ्या जवळ नेतात की बर्फ तडकल्याचा आवाज छातीत वाजतो. सुअर्डहून केनाई फ्योर्ड्सच्या बोटी आहेत, तिथे पफिन, सी लायन, नशीब असलं तर ओर्का. व्हिटियरला जायचा बोगदाच बघण्यासारखा आहे: अडीच मैल, एकच लेन, त्याच लेनमध्ये रेल्वेचे रूळ, गाड्या तासातून एकदा इकडून एकदा तिकडून सोडतात. वेळ चुकली की बसा बाहेर.

आणि स्वस्तात समुद्रच हवा असेल तर बेलिंगहॅमहून अलास्काची सरकारी फेरी आहे. अमेरिकेचं जहाज असल्यामुळे तो १८८६चा कायदा आडवा येत नाही, कॅनडात न थांबता थेट केचिकन. लोक वरच्या डेकवर तंबू ठोकून झोपतात, खिळे मारता येत नाहीत म्हणून डक्ट टेपने चिकटवतात.

शुभदाताई

प्रसाद, माझे गुडघे बदललेत. मी डक्ट टेपने चिकटवलेल्या तंबूत झोपणार नाही.

विद्याधर काका

प्रसादची फेरी मला आवडते, पण ती गावागावांना जोडणारी एस.टी. आहे, ग्लेशियरच्या तोंडाशी नेत नाही. व्हिटियरचा मुद्दा मात्र बरोबर आहे. कॉलेज फ्योर्ड तिथूनच जवळ, १८९९च्या हॅरिमन मोहिमेने तिथल्या ग्लेशियरांना हार्वर्ड, येल अशी नावं देऊन ठेवलीयत.

केदारला सांगायचं राहिलं, सिॲटलची जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून उघड्या समुद्रातून जातात. पहिला दिवस हलतं. व्हँकुव्हर शहरातून सुटणारी आतल्या शांत पाण्यातून जातात. ज्यांना आंबोली घाटात त्रास होतो त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधली केबिन घ्यावी.

केदार

मग व्हँकुव्हरहूनच जाऊ ना!! पोर्टलंडहून दोन तास जास्त ड्राइव्ह फक्त.

अनघा

केदार. कॅनडाचा व्हिसा. व्हँकुव्हर कॅनडात आहे.

मंदार

बरं, सगळ्यांची मतं झाली असतील तर असं करूया. व्हिसाची अडचण सात जणांची, म्हणजे चार केबिन. निखिल, तुमच्या दोन केबिन अर्ज करतायत, अनघा मदत करतेय. ती होल्डमध्ये राहतील, पण व्हिसा आला नाही तर रद्द करायची शेवटची तारीख मार्चअखेर आहे, त्यानंतर डिपॉझिट गेलं, हे लेखी "ओके" करून पाठव. देशपांड्यांच्या आईने अर्ज आधीच केलाय असं कळलं, तेही तसंच. चौथी केबिन जोशांची, ते म्हणतायत प्रसादबरोबर अँकरेजला जातो. तर प्रसाद, तू बोलतोस ना एवढं, त्या चार-पाच जणांचं तूच बघ, मंडळाचा खर्च एकत्र नाही.

स्कॅगवेच्या व्हाइट पास रेल्वेबद्दल चौघांनी विचारलं. समिटपर्यंत जाऊन वळणारी फेरी घ्या, त्यात सीमेवर डब्यातून उतरत नाहीत, पासपोर्ट लागत नाही. युकॉनमध्ये पुढे जाणाऱ्या फेऱ्या आणि बस टूर घेऊ नका, तिथे परत तीच कॅनडाची भानगड. जुनोला मेंडेनहॉल ग्लेशियर गावापासून बारा-तेरा मैलांवर आहे, तो मंडळातर्फे नाही, ज्याने त्याने जायचं.

शाळांचे शेवटचे दिवस बुडतात म्हणून ज्यांनी मला खाजगी मेल केल्या त्यांना: तारीख बदलणार नाही. ऑगस्टमध्ये पाऊस, सप्टेंबरात पाऊस आणि गणपती.

प्रसाद

मंदार, "तूच बघ" म्हणजे काय? मी सुचवलं फक्त. बरं, बघतो.

मंदार

"बघतो" नाही.

निखिल

आईबाबांची ठशांची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी मिळाली. बाबांची बोटं शेतात झिजलीयत, आधारच्या वेळी पण मशीनवर उठत नव्हती. कोणाला अनुभव आहे का?

अनघा

आदल्या दोन-तीन रात्री व्हॅसलिन लावून झोपायला सांग, सकाळी साबणाने धुवून जायचं. आणि तिथल्या माणसाला आधीच सांग, ते सावकाश परत परत घेतात.

मेधा

काका, तुम्हालाच विचारते, बाल्कनी डावीकडची घेऊ की उजवीकडची? एजंटबाई म्हणतात डावीकडच्या दोनच उरल्यात.

विद्याधर काका

काही फरक पडत नाही. ग्लेशियरसमोर जहाज जागच्या जागी हळूहळू गोल फिरवतात, दोन्ही बाजूंना दिसतं. आणि त्या दिवशी केबिनमध्ये बसायचंच नाही. पहाटे उठून स्वेटरवर रेनकोट घालून सगळ्यात पुढच्या उघड्या डेकवर जायचं. काही जहाजांवर तो रोज बंद असतो, फक्त ग्लेशियरच्या दिवशी उघडतात, आधी विचारून ठेवा. हातमोजे घ्या, बर्फावरून येणारा वारा जूनमध्येही झोंबतो. तुटताना बघायचं असेल तर आवाजाची वाट बघू नका, आवाज पोचेपर्यंत तुकडा पाण्यात गेलेला असतो.

मेधा

मग उजवीकडची घेते.

मंदार

केबिन बदलायच्या विनंत्या मी घेणार नाहीये. थेट एजंटबाईंना फोन करा, दुपारी तीनच्या आत, आणि मला कळवा कोणती घेतली.