गोव्यात पोलिसात जाताना: तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

डिचोलीचा हवालदार
काल तिन्हीसांजेला शेजारची मुलगी फाईल घेऊन आली. पोलीस शिपाई भरतीला अर्ज करायचाय. मामलेदाराकडचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट कार्ड, सगळं क्रमाने लावलेलं. आणि विचारलं काय, तर "काका, माझं इंग्लिश कच्चं आहे. चालेल?"

रात्रभर तेच डोक्यात. मीही मराठी शाळेतला. १९८६ साली भरती झालो. वाळपईच्या ट्रेनिंग स्कूलमधून बाहेर पडलो तर राज्यात भाषेचं आंदोलन पेटलेलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. ३० मेला घटकराज्य झालं. ठाण्यातले कागद मात्र इंग्रजीतच राहिले.

अक्षर बरं म्हणून हवालदारांनी मला लिहायला बसवलं. पहिलीच तक्रार एका म्हातारीची. न्हाणीघरातली तांब्याची भाण चोरीला गेली होती. ती कोकणीत बोलत होती, मी मनात मराठी करून कागदावर इंग्रजी उतरवत होतो. 'तांब्याचे एक भांडे, जुने' एवढं लिहून मोकळा झालो. तक्रार देणाऱ्याला वाचून दाखवायची ही कायद्याचीच अट, म्हणून कोकणीत वाचून दाखवली. ती म्हणाली, "हांवें तशें सांगूंक ना, बाबा." खरंच होतं तिचं. भाण कुळारची, काठाला पोचा, आणि कानाखाली आईच्या नावाचं अक्षर कोरलेलं, हे सगळं तिने सांगितलं होतं. मी ते रडगाणं समजून गाळलं होतं. हवालदारांनी कागद फाडला आणि पहिल्यापासून लिहायला लावलं. महिनाभराने म्हापशाच्या एका भंगार अड्ड्यावर तसल्या सात भाणी सापडल्या. तिची ओळखू आली ती त्या पोच्यावरून आणि अक्षरावरून.

मुलीला सांगितलं, इंग्रजी वर्षभरात जमेल. रोज एका माणसाचं बोलणं न तोडता ऐक आणि घरी येऊन लिहून काढ.

तुम्ही कोणी पोलिसात गेलात, जायला निघालात, जमलं नाही, घरात कोणी आहे, जे असेल ते लिहा. तिला वाचायला देणार आहे.

पेडण्याचा धावक
८०० मीटर. तीन वेळा तिथेच गेलो.
लेखीपर्यंत पोचलोच नाही. मोरजीच्या वाळूत सराव करायचो, वाटायचं वाळूत जमलं की मैदानावर उडेन. उलटंच झालं. वाळूत पाऊल रुततं, टाच वेगळी पडते, नडग्या धरल्या. मातीच्या मैदानावर, त्याच बुटांत, घड्याळ लावून पळा. पहिली फेरी जोरात मारू नका. मी तिन्ही वेळा पहिल्या फेरीत पुढे होतो.
आता कदंबमध्ये कंडक्टर आहे. बरं चाललंय. पण भरतीची जाहिरात पेपरात आली की तो दिवस कठीण जातो.

फोंड्याची वहिनी
आमचे हे २००३ पासून. लग्न २००६ चं. तेव्हापासून चवथीला दुपारच्या आरतीला घरी असलेले मी चारदा पाहिले. गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी दीर बांधतो. मुलगा पाच वर्षांचा असताना भटजींनी यजमान कोण विचारलं, तर म्हणाला बाबा बंदोबस्ताला गेलेत, मी आहे. सगळे हसले, मी स्वयंपाकघरात गेले.
तक्रार म्हणून लिहीत नाही. मुलीच्या आईवडिलांना आधी माहीत असावं. चवथ, शिगमो, कार्निव्हल, फेस्त, निवडणूक, जेव्हा गाव घरी असतो तेव्हा पोलीस रस्त्यावर.

सत्तरीकर
वहिनी, माटोळीला यंदा कांगणां मिळाली का? आमच्याकडे रानात आता खूप आत जावं लागतं.

फोंड्याची वहिनी
बाजारात होती, पण महाग. सुपारीची शिपटी आणि तवशी घरचीच.

कोल्हापूरचा जावई
कुळार म्हणजे?

सत्तरीकर
माहेर.

नाक्यावरचा
मी आयआरबीत, म्हणजे पोलिसांच्या राखीव बटालियनमध्ये. २०२० च्या मार्चमध्ये पत्रादेवीच्या नाक्यावर होतो. हद्द बंद. पलीकडे बांदा, सावंतवाडी. जे गोव्याबाहेरचे आहेत त्यांना सांगतो, तिकडची कितीतरी माणसं मोठ्या आजारासाठी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात येतात, आणि अर्ध्या पेडण्याची सोयरीक तिकडे. कागदावर रेष आहे, घरात नाही.
रोज अकराच्या सुमारास एक बाई इकडून यायची. पिशवीत आईची शुगरची औषधं. पलीकडे तिचा भाऊ. दोघांच्या मधे मी. तिच्या हातातली पिशवी घेऊन वीस पावलं चालायचो आणि त्याच्या पायाशी ठेवून मागे व्हायचो. दोघं लांबूनच ओरडून बोलायची, 'आई जेवली का' वगैरे. मी तोंड दुसरीकडे करून उभा.
ट्रेनिंगला रायफल उघडून जोडायला शिकलो होतो. हे कोणी शिकवलं नव्हतं, वीस पावलं चालायला लायसन लागत नाही हेही नाही. वरिष्ठांनी बघितलं, काही बोलले नाहीत. त्यांचे उपकार.

माशेलवाली
नाक्यावरचा, वाचून डोळे भरले. माझी मावशी बांद्याला होती तेव्हा.

दोन फिती
महिला पोलिसांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ड्युटीवर जाता जाता टाइप करते, चुका असतील.
जुने गोवे, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. से कॅथेड्रलकडे जाणारी रांग सांभाळायची. पहाटे उभं राहायचं ते दुपार टळेपर्यंत. लोकांना वाटतं गर्दीचा त्रास. गर्दी चांगली होती, लोक श्रद्धेने आलेले, म्हातारी माणसं आशीर्वाद देऊन जायची. त्रास वेगळाच. मला पाळी आलेली आणि जागा सोडता येत नव्हती. म्हणून पाणी पीत नव्हते. आमच्यातल्या बऱ्याच जणी बंदोबस्तात पाणी पीत नाहीत. हे आधी कोणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी एका वयस्क सिस्टरने न विचारता हाताला धरून आत नेलं, सहकाऱ्याला म्हणाली ही दहा मिनिटांत येते. त्यानंतर रोज आम्ही पाळीपाळीने जायचो.
मुलीला सांगा, पहिल्या दिवसापासून सोबतच्या मुलींशी हे बोलून ठेव. एक उभी, एक आत. लाजू नको. आणि सिनियर पुरुष असला तरी स्पष्ट सांग. दहातले आठ समजून घेतात.
रात्री ठाण्यात मुलगी किंवा बाई आली की मला उठवतात. ती पहिली पाच मिनिटं काहीच बोलत नाही. मी चहा मागवते. त्या पाच मिनिटांसाठी मी ही नोकरी सोडणार नाही.

फोंड्याची वहिनी
बाय, पाणी पीत जा गो. किडनीचं दुखणं वाईट. आमच्या ह्यांना झालंय.

दोन फिती
होय वहिनी 🙏

काजूवाला
एक महत्त्वाचं. भरतीच्या काळात एक ओळखीचा माणूस घरी आला. मुलाचं काम करून देतो, एवढे आत्ता, एवढे ऑर्डर आल्यावर. वडिलांनी काजूची बाग विकायचं मनात घेतलं होतं. गिऱ्हाईकही बघून गेलं. आईने अडवलं, म्हणाली बाग गेली आणि नोकरीही नाही मिळाली तर पोर आयुष्यभर आपल्याकडे मान वर करून बघणार नाही. मुलाचं नाव यादीत आलं नाही. पुढे त्या माणसाविरुद्ध तिघांनी तक्रार दिली, तेव्हा कळलं की त्याची कुठेच ओळख नव्हती. मुलगा आता बोंडू गोळा करतो, हुर्राक म्हणजे काजूची दारू काढतो, मान वर आहे.
कोणी पैसे मागितले तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

सत्तरीकर
हुर्राकाचं बोलणं निघालंय तर भाव काय यंदा?

नव्या कायद्याची
ठाण्यात लिहिण्याचंच काम करते. मुलीला जुनी गाईडं घेऊ देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. एफआयआरचं जुनं कलम १५४ आता १७३, साक्षीदाराचा जबाब १६१ होता तो १८०, अकस्मात मृत्यू १७४ चा १९४. आमच्या जुन्या हवालदारांना पाठ झालेलं सगळं पुसून पुन्हा घोकावं लागलं. ते रात्री एकमेकांना विचारत बसायचे, शाळेतल्या मुलांसारखे. मला त्यांचा फार आदर वाटला.
आणि हो, एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट द्यायची असते. लोक विचारायला घाबरतात. आपण होऊन द्यायची.

माशेलवाली
माझ्या भावाचं वेगळंच. पीएसआयची तयारी करत होता. आईला कॅन्सर निघाला, सोडून दिलं. विषय थोडा वेगळा आहे, माफ करा. गेल्या आठवड्यात तो पुस्तकं रद्दीत देत होता, मी काढून ठेवली. हवालदार काका, मुलीला हवी असतील तर सांगा. कायद्याची जुनी आहेत, गणित आणि सामान्य ज्ञान चालेल.

डिचोलीचा हवालदार
सगळ्यांचं वाचलं. दोन फिती, तुमचं मी तिला वाचून नाही दाखवलं, फोन तिच्या हातात दिला. बराच वेळ वाचत होती. मग आईला हाक मारून तिलाही दाखवलं.
माशेलवाली, पुस्तकं हवीत. रविवारी मी स्वतः येतो. भाऊ घरी असेल तर बरं, त्याच्याशी बोलेन म्हणतो.
पेडण्याचा धावक, तुमचं पटलं. ती कालव्याच्या कडेने पळत होती, सिमेंटवर. उद्यापासून मैदान. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे, ट्रेनिंगच्या वेळचं, अजून चालतं.

पेडण्याचा धावक
काका, मला रविवारी सुट्टी. येऊ का? पहिल्या फेरीत तिला मागे धरून ठेवायला कोणीतरी पुढे पळायला हवं.

डिचोलीचा हवालदार
या. साडेपाचला. येताना बॅटरी आणा, मैदानाच्या शाळेकडच्या कोपऱ्यातला दिवा बंद आहे.