'इंटरसेक्शनल' स्त्रीवादाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या स्त्री-अभ्यास केंद्रात ८ मार्चपासून १० मार्चपर्यंत, म्हणजे महिला दिनापासून सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनापर्यंत, स्त्रियांच्या इतिहासावर व्याख्यानं, अभिवाचन आणि प्रदर्शन आहे. इंग्रजी पत्रकात 'इंटरसेक्शनल फेमिनिझम' असं म्हटलंय, म्हणजे जात, वर्ग, लिंग असे भेद एकमेकांत गुंतून बाईवर कसा अन्याय करतात ते पाहणारा स्त्रीवाद. मराठी पत्रक मला करायचंय. शोधल्यावर आंतरछेदी, छेदनात्मक, आंतरविभागीय, बहुआयामी असे शब्द सापडले. हे पत्रक वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाच्या मुलींना कळायला हवं, शिवाय जवळच्या गावांतल्या बचत गटांच्या बायकांनाही बोलावणं आहे. कुठला शब्द घेऊ?

प्रतिसाद

'बहुआयामी' अजिबात नको. तो मराठीत कौतुकाचा शब्द आहे. बहुआयामी व्यक्तिमत्त्व, बहुआयामी लेखक. त्यात कुणावर अन्याय होतोय याचा मागमूसही नाही. आणि 'आंतरविभागीय' शब्द विद्यापीठात दोन विभागांच्या स्पर्धांसाठी आधीच वापरात आहे. मुली भलताच अर्थ घेतील.

प्रतिसाद

चळवळीत आम्ही वर्षानुवर्षं 'दुहेरी शोषण', 'तिहेरी शोषण' म्हणत आलो. दलित बाई दलित म्हणून, बाई म्हणून आणि मजूर म्हणून नाडली जाते. हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. नव्या शब्दाचा अट्टहास कशासाठी?

प्रतिसाद

तुमच्या शब्दाला इतिहास आहे आणि तो मी मनापासून मानते. तरी या जागी तो अपुरा पडतो, कारण त्यात बेरीज आहे. मूळ संकल्पना बेरजेवर आक्षेप घेण्यासाठीच जन्मली.

किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ साली हा शब्द आपल्या लेखात मांडला. त्यांच्यासमोर जनरल मोटर्सविरुद्धचा १९७६ चा एक निकाल होता. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी तक्रार केली होती. कंपनीनं १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना नोकरीच दिली नव्हती. पुढे मंदीत 'जो शेवटी आला तो आधी जाईल' या नियमानं कपात झाली आणि १९७० नंतर लागलेल्या साऱ्या कृष्णवर्णीय बायका घरी बसल्या. न्यायालयाचं म्हणणं असं की कंपनीत बायका होत्याच, म्हणजे लिंगभेद नाही. पण त्या बायका गोऱ्या होत्या. वंशभेदाची तक्रार असेल तर ती कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्याबरोबर चालवा, असंही न्यायालय म्हणालं. 'कृष्णवर्णीय स्त्री' म्हणून एकत्र दाद मागायची सोय न्यायालयानं मान्य केली नाही. लिंगभेद आणि वंशभेद या दोन्हींवर कायद्यानं बंदी असूनही या पाचजणी दोन्हींच्या मधल्या फटीत पडल्या. क्रेनशॉ यांनी यासाठी चौकाचं उदाहरण दिलं. चौकात उभ्या असलेल्या माणसाला कुठल्याही रस्त्यानं आलेली गाडी धडकू शकते, कधी एकाच वेळी अनेक. दोष एकाच रस्त्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

आता आपल्याकडे या. १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीनं 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतल्या बायकांची अवस्था त्यात आहे. त्या शतकात 'स्त्रियांचा प्रश्न' म्हणून ज्याची चर्चा व्हायची तो बराचसा विधवाविवाहाचा आणि केशवपनाचा, म्हणजे ब्राह्मण व तत्सम घरांतला होता. मुक्ताचं दुःख त्या प्रश्नात एक जास्तीची ओळ घालून भागणारं नाही, ते वेगळंच आहे. 'तिहेरी' म्हटलं की वाटतं, सगळ्या बायकांचं एक दुःख समान आणि दलित बाईला वर आणखी दोन. प्रत्यक्षात तिचं बाईपणच वेगळ्या तऱ्हेनं घडलेलं असतं.

प्रतिसाद

भाषेच्या बाजूनं थोडं. 'छेद' गणितात नेमका बसतो. दोन रेषांचा छेदनबिंदू, दोन संचांचा छेद, हे शाळेत सगळ्यांनी शिकलंय. पण बाहेरच्या मराठीत 'छेद देणे' म्हणजे खोडून काढणे. 'त्यांच्या मताला छेद देणारा लेख.' म्हणून 'छेदनात्मक स्त्रीवाद' वाचताना स्त्रीवादाला कापणारं काहीतरी असावं असं वाटतं. 'आंतरछेदी' त्यातल्या त्यात बरा. 'आंतर' हे आंतरजातीय, आंतरराष्ट्रीय यांतून सवयीचं आहे, त्यामुळे परस्परांना छेदणं हा अर्थ निघतो.

प्रतिसाद

वर्गात शिकवायला मी 'आंतरछेदी'च वापरतो आणि वापरत राहीन. इंग्रजीतल्या 'जेंडर'साठी 'लिंगभाव' शब्द आला तेव्हा तोही कृत्रिमच वाटायचा. आज तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही सहज येतो. विद्यार्थ्यांना पुढे इंग्रजी लेख वाचायचे असतात, तेव्हा शब्दाला शब्द जुळलेला बरा. स्त्रीवादी अभ्यासक निवेदिता मेनन यांनी २०१५ साली प्रश्न केला होता की ही संकल्पना भारतात हवीच कशाला, आणि दुसऱ्या अभ्यासक मेरी जॉन यांनी त्याचा प्रतिवाद केला. तो वाद शिकवायचा तर पारिभाषिक शब्द लागतोच.

प्रतिसाद

वर्गासाठी मान्य. पत्रकासाठी मात्र माझा विरोध आहे, आणि तो केवळ अवघडपणामुळे नाही.

'आंतरछेदी' शब्द काय काय एकमेकांना छेदतं ते सांगत नाही. आपल्याकडे त्या रेषांना नावं आहेत, आणि पहिलं नाव जात आहे. गुळगुळीत पारिभाषिक शब्दाआड जात दिसेनाशी होते, हे विद्यापीठांतल्या कार्यक्रमांत मी पाहिलंय. सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि व्याख्यानात जातीचा उच्चारही होत नाही.

मराठीत ही नावं एकत्र घ्यायची परंपरा आहे. विचारवंत शरद पाटील 'जात-वर्ग-स्त्रीदास्य' असं जोडूनच बोलत. त्याआधी २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. तिथले ठराव बघा: घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी आणि कामगार बायकांना पगारी रजा. घर आणि गिरणी एकाच सभेत. पुढे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, तेही १९८९ सालीच. इकडे या दोघी बायकांच्या आठवणी टिपून घेत होत्या आणि तिकडे क्रेनशॉ न्यायालयाचे निकाल वाचत होत्या. मुक्कामाला सगळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी पोचल्या. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव एकत्र शिकवला तो याच वारशावर.

तेव्हा पत्रकात नावं घ्या. 'जात, वर्ग, लिंगभाव.' बचत गटातली बाई पहिल्या दोन शब्दांवर थांबून वाचेल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. मथळा असा करते: 'जात, वर्ग, लिंगभाव: स्त्रियांचा इतिहास'. आत संकल्पनेच्या परिचयात 'आंतरछेदी स्त्रीवाद' एकदा, क्रेनशॉ यांच्या नावासह. अभिवाचन मुक्ता साळवेच्या निबंधाचं ठेवता येईल का, ते केंद्रात विचारते. एकच शंका राहिली. आमचे एक सर 'महिला इतिहास' करा म्हणतात.

प्रतिसाद

'महिला' शब्द दिन, मंडळ, आयोग, आरक्षण यांना चिकटलेला, सरकारी वळणाचा आहे. 'महिला इतिहास' म्हणजे दोन नामं नुसती शेजारी ठेवलेली. 'स्त्रियांचा इतिहास' यात षष्ठी आहे, म्हणजे तो कुणाचा हे कळतं, आणि अनेकवचनामुळे सगळ्या बाया एकसारख्या नाहीत हेही त्यातच येतं. सरांना व्याकरणाचंच कारण सांगा, ते पुरेसं आहे. आणि अभिवाचन नक्की ठेवा, शक्यतो पहिल्याच दिवशी, गावाकडच्या बायका परतीची एसटी पकडायला निघायच्या आत.