अजिंठा, वेरूळ आणि लोणार, सासूसासरे आणि पोरांसकट कमी खर्चात कसं करावं? प्लॅन बघून सांगा

ठाण्याची_सून:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे ते यंदा दिवाळीनंतर करायचंच असं ठरवलंय. आम्ही सहा जण, मी, नवरा, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची, सासरे ७६ चे पण चालायला खणखणीत, आणि सासूबाई ६८ च्या, त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या दोन-चारच्या वर नकोत. रविवारी ठाण्याहून निघायचं, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि जमलं तर दौलताबाद, बुधवारी लोणार आणि तिथून परत. टॅक्सीवाल्याला विचारलं तर त्याने चार दिवसांचा जो आकडा सांगितला त्यात आमचं महिन्याचं वाणसामान येईल, त्यामुळे गाडी करायची की एसटीने जमेल हा पहिला प्रश्न, आणि दुसरा म्हणजे सासूबाईंना लॉजवर एकटं बसवून आम्ही फिरायचं हे मला अजिबात नकोय, त्यांना स्वतःलाच कैलास लेणं बघायची खूप इच्छा आहे. सांगा प्लीज.

लेणीवाले_काका:
ताई, आधी वार बदला, बाकी सगळं नंतर. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणजे तुमच्या प्लॅनमध्ये दोन्ही दिवशी गेटवरून परत यावं लागेल. फक्त उलटं करा, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, दोन्ही उघडी मिळतील आणि शनिवार-रविवारची गर्दीही नसेल. तुमची सुट्टी तीच राहते.

आता पैशांचं. गाडी अजिबात करू नका, तुमच्या घरासाठी एसटीसारखं स्वस्त काही नाही. सासरे ७५ च्या वर आहेत, त्यांना एसटी पूर्ण फुकट. सासूबाईंना अर्धं तिकीट, तुम्हाला महिला सवलतीत अर्धं, मुलगा १२ च्या आतला म्हणून अर्धं, मुलगी पाचच्या आतली म्हणून तिचं काहीच नाही. पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या मिस्टरांचं, म्हणजे सहा माणसं अडीच तिकिटात फिरतात! आधार कार्ड मात्र सगळ्यांची ओरिजिनल जवळ ठेवा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना माणशी ४० रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट, म्हणजे तुमचे एका ठिकाणचे १६० झाले, ऑनलाइन काढलं तर माणशी ५ रुपये अजून कमी.

आणि लोणार या खेपेला सोडा. मला लोणार मनापासून आवडतं म्हणूनच सांगतोय, ते छत्रपती संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर आहे, एसटीने जाऊन-येऊन दिवस प्रवासातच जातो, आणि काठावर उभं राहून फोटो काढून परत फिरायची ती जागा नव्हे. उल्का आदळून काळ्या बसाल्टमध्ये जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर झालंय, खाली उतरलं की जंगल, पक्षी, पडझडीला आलेली जुनी देवळं, खारं पाणी, जे जून २०२० मध्ये मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं. तिथे एक मुक्काम हवा. पोरं जरा मोठी झाली की वेगळं करा.

दख्खनची_पोर:
काकांशी सहमत, वेरूळ सासूबाईंसाठी अगदी सोपं आहे. १६ नंबर म्हणजे कैलास, ते गेटमधून आत गेलं की समोरच. एकूण ३४ लेणी आहेत (१ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन) ती सगळी बघायचा हट्ट करू नका, कुटुंबाला घेऊन तर नकोच, थकलेली पोरं आणि दमलेली म्हातारी माणसं यात दहावं लेणं आणि बत्तिसावं लेणं कुणाला काहीच आठवत नाही. कैलासला दोन तास द्या. सासूबाईंना खाली अंगणात सावलीत बसवा, देवळाला खांद्यावर घेतल्यासारखे उभे असलेले हत्ती बसल्या जागेवरून दिसतात, आणि दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प त्यांना नक्की दाखवा, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीये, आणि शंकर नुसत्या पायाच्या अंगठ्याने डोंगर दाबून शांत बसलाय. तोवर मुलाला घेऊन मिस्टरांनी बाजूच्या टेकडीवरून वर जावं, कळस खाली आणि आपण वर असं दिसतं, तेव्हा कळतं की हे बांधलेलं नाहीच, वरून खाली कोरत आणलंय. दहा वर्षांच्या पोराला हे पुस्तकातून सांगून समजत नाही, वरून एकदा बघितलं की लगेच समजतं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं काम आहे. तिथून जवळच घृष्णेश्वर, दर्शन होऊन जाईल.

दौलताबाद मात्र सासूबाईंना जमणार नाही, सगळी चढण आहे.

घाटमाथा:
अजिंठ्याचं थोडं. संभाजीनगरहून जळगावकडे जाणारी एसटी पकडा, शंभरेक किलोमीटर आहे. कंडक्टरला नुसतं 'अजिंठा' सांगू नका हां, अजिंठा गाव आधी येतं आणि लेणी तिथून घाट उतरून पुढे आहेत, 'अजिंठा लेणी टी-पॉइंट' असं सांगा. तिथून पुढे खाजगी गाड्या सोडत नाहीत, साधारण ४ किलोमीटर तिथल्याच बसने जायचं, त्याचं तिकीट वेगळं.

माझं मत, रात्री परत संभाजीनगरला येऊ नका. सामान घेऊनच निघा, लेण्यांपाशी क्लोकरूम आहे, आणि संध्याकाळी पुढे जळगाव गाठा, साठेक किलोमीटर, तिथून मुंबईला मेन लाइनच्या रात्रीच्या भरपूर गाड्या आहेत. एक लॉजची रात्र वाचते आणि आलेल्या रस्त्याने परत जाणं वाचतं. तिकिटं आधीच काढा, रेल्वेत आता ज्येष्ठांना सवलत नाही. जाताना तपोवन एक्स्प्रेस बघा, ठाण्याला थांबते, सिटिंगचं तिकीट स्वस्त आणि दुपारी पोचवते.

आत गेल्यावर १, २, १६, १७ ही चित्रांची आणि २६ नंबर, एवढं पुरे. एक नंबरमध्ये शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही आणि बरेच लोक तसेच बाहेर येतात, तसं करू नका, बाजूला उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्या, मग मागच्या भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू दिसायला लागतो, हातात निळं कमळ, खाली झुकलेली नजर. भिंतीवर माती, भाताचं तूस, गवताचे तंतू असला गिलावा आणि त्यावर हे रंग, म्हणून फ्लॅश मारू नका, पोरांना भिंतीला हात लावू देऊ नका. वाचलेल्या पैशातले थोडे गाइडवर घाला, तिथे खरंच उपयोग होतो.

ठाण्याची_सून:
खूप खूप आभार सगळ्यांचे! वार उलटे केले, लोणार पुढच्या वर्षी, आणि जळगाववरून परतीचं मिस्टरांना एकदम पटलंय. अडीच तिकिटांचं ऐकून सासरे तर आत्तापासूनच बॅग भरायला लागलेत. दशम्या आणि चटणी घरूनच नेईन. एकच राहिलं, अजिंठ्याला सासूबाईंच्या पायऱ्यांचं काय?

लेणीवाले_काका:
बस सोडते तिथून वर पायऱ्या आहेत आणि पुढेही लेण्यांच्या मधे चढउतार आहे, पण तिथे डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून चार जण नेतात. निघायच्या आधीच भाव ठरवा, फक्त वर सोडायचं की २६ नंबरपर्यंत नेऊन परत खाली आणायचं हे स्पष्ट विचारा, आणि सासूबाईंना शेवटपर्यंत न्याच. २६ मध्ये बुद्धाची महापरिनिर्वाणाची निजलेली मूर्ती आहे, खाली रडणारे शिष्य कोरलेत आणि वर स्वागताला आलेले देव. दशम्या मात्र बाहेर खाऊन घ्या, आत खायला परवानगी नाही आणि वानरं पिशवी ओढतात.