कीझी: शेजारच्या गावांतली घरं आणून गाव उभं राहतं का?

काळी_पांढरी (धागा सुरू करणारी)

रशियाच्या वायव्येला कारेलिया आहे. तिथल्या ओनेगा सरोवरात कीझी हे जेमतेम ६ किलोमीटर लांबीचं बेट. १७१४ साली बांधलेलं तिथलं २२ घुमटांचं लाकडी चर्च बहुतेकांनी फोटोत पाहिलं असेल. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ते जिथे उभारलं तिथेच आहे. तक्रार आहे ती भोवतालच्या ‘गावा’बद्दल.

१९५१ मध्ये जवळच्या बोल्शोय क्लिमेनेत्स्की बेटावरच्या ओशेव्नेवो गावातून ओशेव्नेव्ह नावाच्या शेतकऱ्याचं १८७६ सालचं घर ओंडका ओंडका सुटा करून इथे आणलं. १९५९ मध्ये लाझारचं छोटं चर्च सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरून आलं. ते १४ व्या शतकातलं मानतात. मग कोठारं आली, इतर घरं आली आणि १९६६ मध्ये संग्रहालय झालं. पाहणाऱ्याला वाटतं, केवढं सुंदर जुनं गाव!

गाव म्हणजे पांढरी (वस्ती) आणि काळी (शेतजमीन), दोन्ही. घर आणलं, पण त्याची शेतं, त्याचा होडीचा धक्का, त्याचे शेजारी मागेच राहिले. माझ्या मते ही घरं त्यांच्या जागेवरच दुरुस्त करायला हवी होती.

सुतारपक्षी

ताई, मी ठाम विरोधात आहे. जागेवर ठेवलेल्यांचं काय झालं ते बघा. ओनेगाच्या दक्षिणेला आन्हिमोवोचं १७०८ सालचं अनेक घुमटांचं चर्च १९६३ मध्ये जळालं. कोन्दोपोगाचं १७७४ सालचं, ४२ मीटर उंच उस्पेन्स्काया चर्च १० ऑगस्ट २०१८ ला जळून राख झालं, तेही लोकांच्या डोळ्यांदेखत. दोन्ही आपापल्या जागीच होती ना? माणसं शहराकडे गेली की लाकडाच्या घराला वाली राहत नाही. छपराची एक फळी सरकली की पाणी आत जातं, आणि पाच-दहा वर्षांत भिंत बसते. ओशेव्नेव्हांचं घर आज पाहायला मिळतं ते हलवलं म्हणूनच.

काळी_पांढरी

आगीचा दोष जागेचा कसा? राखणीवर खर्च केला नाही, हा दोष. कीझीलाच बघा. मोठं चर्च वाकायला लागलं तेव्हा १९८० च्या दशकात आतून पोलादी सांगाडा घालून तोललं. नंतर त्याच सांगाड्याच्या आधारे वरचा भार उचलून धरला, खालपासून एकेक थर सोडवून कार्यशाळेत नेला, कुजलेला भाग कापून नवं लाकूड बसवलं आणि थर परत जागेवर रचला. २०२० पर्यंत काम पुरं झालं. ३७ मीटरची इमारत न हलवता दुरुस्त होते आणि दोन मजली घर होत नाही?

सुतारपक्षी

एका जगप्रसिद्ध चर्चसाठी हे झालं. ओसाड वाड्यांवरच्या घरांसाठी कोण करणार होतं, तेही १९५१ साली, युद्ध संपून सहा वर्षं झालेली असताना?

ओनेगावासी

मी तिथे जाऊन आले आहे, म्हणून थोडं सांगते. ओशेव्नेव्हांच्या घरात शिरल्यावर लगेच कळतं की माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली राहत. त्या छपराची एक बाजू आखूड, दुसरी लांब उतरत गोठ्यावर आलेली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी गाईपर्यंत जायला उंबरा ओलांडावा लागत नाही. कुठलं चित्र पाहून हे इतकं उमगलं नसतं.

एक दुरुस्तीही. ‘एकही खिळा न वापरता बांधलेलं चर्च’ असं सगळीकडे सांगतात. ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवले आहेत हे खरं, पण घुमटांवरची अस्पेनच्या लाकडाची खवल्यांसारखी कौलं खिळ्यांनीच ठोकलेली आहेत. ती उन्हापावसाने रुपेरी होतात. ढगाळ दिवशी राखाडी, तिन्हीसांजेला गुलाबी दिसतात.

पोगोस्त

दोघंही एक गोष्ट विसरताय. कीझी हा ‘पोगोस्त’ होता, म्हणजे आसपासच्या कितीतरी वाड्यांचं मिळून एक केंद्र. उन्हाळ्याचं चर्च मोठं, विनाशेगडीचं. १७६४ चं पोक्रोव्ह चर्च हिवाळ्यासाठी, ऊब असलेलं. लोक होड्यांनी यायचे. १७६९ मध्ये सरकारी कारखान्यांच्या वेठबिगारीविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी उठाव केला, तोही याच पोगोस्तात जमून. १७७१ च्या उन्हाळ्यात इथेच त्यांच्यावर तोफा चालल्या. क्लिमेंट सोबोलेव्हसारख्या म्होरक्यांना फटके मारून सैबेरियात धाडलं. गावांनी इथे गोळा व्हायचं, ही कीझीची जुनीच रीत. घरं गोळा झाली, त्यात नवल काय?

काळी_पांढरी

हा मुद्दा मला खरंच विचारात पाडणारा आहे. पण ती माणसं जमायची आणि संध्याकाळी होडी वल्हवत आपल्या घरी परत जायची. परत जायला घर होतं, म्हणून तर जमण्याला अर्थ होता. आपण घरच उचलून आणलं. त्रोफिम र्‍याबिनिन १८६० च्या दशकात जुन्या वीरगाथा गायचा तो कीझी भागातल्या सेरेद्का गावात, शेती आणि मासेमारी करत. त्याचं गाणं जाळी विणता विणता शिकलेलं. तो धागा घर हलवून येत नाही.

ओनेगावासी

पण काळी पूर्ण मागे राहिलेली नाही हो. बेटावर शेतांच्या कडेला दगडांचे लांबच लांब ढीग आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी नांगराला लागलेला एकेक दगड वेचून रचलेले. मी एक उचलायला गेले तर खालून शेवाळ धरलेलं, जागचा हलला नाही. आणि यामका नावाची वाडी अजून आहे. चर्चपासून चालत गेलं की तिथे आवारात बटाट्याचे वाफे दिसले मला.

काळी_पांढरी

मग फोटोपुस्तकांत सगळ्यात आधी यामका छापा. मी एवढंच मागते आहे.