आईची उंची अडीच इंच कमी झाली आहे, मदत हवी आहे

आई 69 वर्षांची, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त, कराडला असते. परवा शिंपीणबाई म्हणाल्या, "बाई, ब्लाउजची मागची उंची वाढवावी लागतेय आणि पुढची कमी." परकर जमिनीला टेकतात म्हणून आई ते नेफ्यापाशी दुमडून घेते. पाठीला पोक आलंय हे दिसतंच होतं. पण पेन्शनच्या कागदांत तिच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स सापडली, पहिल्याच पानावर उंची 5 फूट 2 इंच. भिंतीला टेकवून मोजली तर 151 सेंमी भरली!

पडलेली वगैरे नाही. मध्यंतरी गॅसची टाकी सरकवताना पाठीत चमक भरली होती, महिनाभर शेकलं, मग थांबली. नेहमीच्या डॉक्टरांनी "वयोमानानुसार" म्हणून मलम दिलं. बेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली आहे, अंडाशयांसकट. एका शिबिरात टाचेला मशीन लावून "हाडं जरा कमकुवत" एवढंच सांगितलं.

हे वयाचंच आहे का? कोणती तपासणी करावी? आणि योगवर्गात ती रोज पश्चिमोत्तानासन करते, ते थांबवू का? थांबव म्हटलं तर उखडेल, कारण सगळ्या मैत्रिणी तिथेच भेटतात.

पाठराखीण: फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहिते. चाळिशीनंतर मणक्यांमधल्या गाद्या सुकतात, दर दहा वर्षांनी साधारण सेंटीमीटरभर उंची जाते, सत्तरीनंतर जरा जास्त. तुमच्या आईंचे साडेसहा सेंमी त्या हिशेबात बसत नाहीत. 4 सेंमीच्या वर घट असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढतातच. टाकी सरकवतानाची चमक मला खटकते. ठिसूळ मणका वाकून जोर लावताना पुढच्या बाजूने चेपतो, आणि पुष्कळांना तर तेवढंही दुखत नाही. पाळी लवकर गेली की हाडांची झीजही लवकर सुरू होते.

छाती आणि कंबर, दोन्हींचा बाजूने एक्स-रे काढा. सोबत खुबा व कंबरेचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. टाचेच्या मशीनवर निदान होत नाही. डेक्सातला टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती) उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडांचा ठिसूळपणा. चेपलेला मणका डेक्सात उलट दाट दिसतो, म्हणून एक्स-रे टाळू नका.

पश्चिमोत्तानासन आजपासून बंद. कंबरेतून पुढे वाकणं, वाकून पिळणं, दोन्ही नको. योगवर्ग मात्र सोडायला लावू नका: ताडासन, भिंतीला पाठ लावून उभं राहणं, प्राणायाम चालेल. बाकीचं रिपोर्ट बघून.

सांजवारा: आमच्या आत्याला उलटं टांगायच्या यंत्राने दोन इंच उंची परत आली म्हणे.

पाठराखीण: @सांजवारा, ठिसूळ मणक्यावर हे करायला कुणाला सांगू नका हो. चेपलेला मणका ताणून पूर्ववत होत नाही. उंची सकाळी सेंटीमीटरभर जास्तच भरते, तेवढ्यावर अशी यंत्रं खपतात.

खलबत्ता: रक्तात कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) बघायला सांगतील. मणका आपोआप चेपला असेल तर मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) नाही ना, याचीही तपासणी करतात, घाबरू नका. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी सुरू करा, पण नुसत्या भाकरीवर भागवू नका.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. डी12, म्हणजे छातीचा सगळ्यात खालचा मणका पाचरीसारखा चेपलाय, खुब्याचा टी-स्कोअर उणे 2.9. बाकी रक्त ठीक, डी जीवनसत्त्व फारच कमी. ऑर्थो म्हणाले, आधी डी भरून काढू, मग वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं (हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं) सलाईन. आई वर्गात मागच्या रांगेत खुर्चीवर बसते आणि सगळ्यांना एक्स-रे दाखवते. एकच शंका: तिची एक दाढ काढायची आहे. आधी दाढ की आधी सलाईन?

पाठराखीण: आधी दाढ. जखम पूर्ण भरू द्या, आणि दातांच्या डॉक्टरांना या सलाईनबद्दल आधीच सांगून ठेवा.