सी-टेनला नुसता सी-नॉच पुरणार नाही
१९७० च्या शेव्ही सी-टेन पिकअपला सस्पेंशनच्या एअरबॅग (स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या) टाकून मागून पार जमिनीला टेकवायचीय, सी-नॉच (एक्सलला वर यायला जागा म्हणून फ्रेमच्या लांब दांड्याला, म्हणजे रेलला, खालून घेतलेली सी आकाराची खाच) पुरेल का असं विचारलंयस, तर नाही पुरणार, एवढी खाली आली की एक्सल थेट फ्रेमला आपटतो. जुनी फ्रेम केबिनमागून कापून २ बाय ४ इंची बॉक्स ट्यूबची नवीन फ्रेम कर, एक्सलवरून कमान घेऊन. हौद्याचा पत्राही उचलावा लागेल, ते आलंच.

कापायच्या आधी मात्र फ्रेम लेव्हलमध्ये पक्की धर, आडवे सपोर्ट टॅक मार (ठिपक्यांनी तात्पुरते वेल्ड कर), दोन्ही कर्ण मोज, सारखेच आले पाहिजेत. वेल्डिंग एका दमात ओढू नकोस रे, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे, नाहीतर तापून रेल वाकते. जुन्या फ्रेमची चॅनल (एका बाजूने उघडी रेल) नि नवीन ट्यूब जुळते तिथे आतून प्लेट हवीच, सगळा ताण तिथेच येतो. आणि पिनियन अँगल (मागच्या एक्सलला ड्राइव्हशाफ्ट जोडतो तिथला कोन) गाडी चालवायच्या उंचीवरच सेट कर.