हैतीचं पिंपाच्या पत्र्यातलं काम: हातानं कापलेलं कसं ओळखायचं?

कोरीभिंत:
नमस्कार मंडळी. हैतीतलं लोखंडी पत्र्याचं एक गोल काम विकत घ्यायचा विचार आहे. जलपरी आहे, म्हणजे तिकडच्या व्होडू धर्मातली समुद्राची देवता ला सिरेन, हातात आरसा. व्यास ५७ सेंमी, वर काळं चकचकीत वार्निश, खाली छिन्नीनं ठोकलेली ‘लिओतो’ अशी सही. विक्रेत्यानं फक्त समोरून काढलेले फोटो पाठवलेत. अस्सल आहे हे कशावरून ठरवायचं? शिवाय घर दादरला, समुद्राजवळ. गंजाचं काय?

ऐरण:
आधी पाठीचे आणि कडेचे फोटो मागवा, तिरप्या उजेडात काढलेले. सही सगळ्यात शेवटी बघा. अक्षरं ठोकायला पाच मिनिटं पुरतात, पाठ खोटी करणं फार अवघड.

हे काम पोर्ट-ओ-प्रिन्सजवळच्या क्रोआ-दे-बुकेचं. २०० लिटरच्या पिंपाची दोन्ही झाकणं काढतात, आत केळीची सुकी पानं किंवा गवत भरून पेटवतात. तेलाचा थर आणि रंग जळून जातो. मग उभी चीर देऊन पिंप उलगडतात आणि ठोकून सपाट करतात. साधारण १८० बाय ८५ सेंमीचा, मिलिमीटरभर जाडीचा पत्रा मिळतो. त्यावर खडूनं आकृती काढायची आणि छिन्नी-हातोड्यानं कापायची.

त्यामुळे कड कधीच सलग नसते. छिन्नीचा एक घाव संपून दुसरा सुरू होतो तिथे बारीक पायरी दिसते, आणि उलट बाजूला धातूची किनार जराशी वळलेली असते. लेझरची कड काटकोनात, अरुंद कोपऱ्यातही एकसारखी. समोर फुगवटा असेल तिथे मागे हातोड्याचे खळगे हवेत. शेपटीवरचे सगळे खवले हुबेहूब एकाच मापाचे असतील तर दाबयंत्राचा संशय घ्या. ५७ सेंमी म्हणजे बहुधा झाकणच. पिंपाच्या एका झाकणाला बुचाची दोन भोकं असतात, कारागीर ती नक्षीत जिरवतो. आरशाच्या जागी भोक आहे का, जरूर बघा.

आता नाव. जॉर्ज लिओतो (१८९९–१९९१) मूळचे लोहार, कबरींसाठी लोखंडी क्रूस घडवायचे. ते क्रूस बघून १९५३ साली पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या सेंत्र द’आर या कलाकेंद्राचे संस्थापक डेविट पीटर्स त्यांच्यापर्यंत पोचले. पुढे त्या गावात या कामाची परंपराच उभी राहिली. एवढ्या मोठ्या नावाखाली विकलेल्या वस्तूवर ताजं वार्निश दिसलं की मी थांबतो. तेवढ्यानं ती खोटी ठरत नाही, कुणी नंतर चढवलं असेल. पण कधी घेतली, कुणाकडून, याचा कागद नसेल तर लिओतोची किंमत देऊ नका. चांगलं अनाम काम म्हणून जेवढी वाटेल तेवढीच द्या.

खारीहवा:
दादरला नुसती दमट हवा नाही, तीत मीठ आहे. मीठ पत्र्यावर बसून ओल ओढतं आणि गंज कडेपासून वार्निशखाली सरकतो. छिन्नीच्या त्या पायऱ्यांवर लेप पातळ बसतो, सुरुवात तिथूनच होते.

ओला फडका लावू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा. सुटी लाल भुकटी दिसली तर ०००० नंबरची (सगळ्यात बारीक) स्टील वूल, तेवढ्याच जागी, हलक्या हातानं. घट्ट बसलेला जुना तपकिरी थर मात्र खरवडू नका, तो गेला की वस्तूचं वय गेलं. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून केलेलं, बारीक कणांचं) वाटाण्याएवढं फडक्यावर घेऊन पातळ पसरा, पाठीला आणि कडांनाही. १५ मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास. खोबरेल लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते चिकट होऊन धूळ धरतं. टांगताना मागे कॉर्कचे तुकडे लावून भिंतीपासून सेंटीमीटरभर अंतर ठेवा, आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा.

कोरीभिंत:
खूप आभार. पाठीचे फोटो आजच मागवतो. त्याच विक्रेत्याकडे टिकल्यांचा एक ड्रापोही आहे, व्होडूचा ध्वज.

आरीकाम:
तोही उलटा करूनच बघा. रूढ पद्धतीत सुई टिकलीतून वर येते, बारीक मणी घेते आणि त्याच भोकातून खाली जाते; मागे सुटे टाके दिसतात. ध्वज करणाऱ्या हैतीच्या कलाकार मिर्लांद कॉन्स्तां लग्नाच्या पोशाखांच्या कारखान्यात काम करायच्या, तिथलं मणीकाम त्यांनी ध्वजांवर आणलं. त्यांची सुई आपल्या आरी भरतकामाच्या सुईसारखी आकडेदार असते आणि काम उलट्या बाजूनं चालतं, म्हणून मागे सलग साखळीटाका मिळतो. कापडाच्या मागे डिंकाचे पिवळट डाग असतील तर टिकल्या चिकटवलेल्या आहेत. तो ध्वज घेऊ नका.